विलायतेतले भारतीय पुढे, पाकिस्तानी मागे, असं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२२ मध्ये ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले, त्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर कुणीतरी पेढे वाटले. पेढे संपायच्या आत व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरला: दोघेही सत्तेचाळीस साली स्वतंत्र झाले, दोघेही विलायतेला गेले, आज एक बंगल्यात राहतो आणि दुसरा टॅक्सी चालवतो. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि माझी मुलगी लेस्टरला असते. त्यामुळे हा संदेश पाठवून "मॅडम, हे खरं का हो?" असं विचारणारे अजून थांबलेले नाहीत. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते आहे.

मुळात फरक आहे का, की आपली नुसती फुशारकी?

फरक आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. २०१९ च्या सरकारी आकडेवारीत भारतीय वंशाच्या नोकरदाराची तासाची मध्यक कमाई १४.४३ पौंड होती. गोऱ्या ब्रिटिशाची १२.४९ आणि पाकिस्तानी वंशाच्या माणसाची १०.५५. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केल्यावर बरोबर मधोमध येतो तो माणूस. हा मुद्दाम घेतात, कारण सरासरी काढली तर दोन-चार अब्जाधीश अख्खी रांग वर ओढून नेतात.

घरांचंही तसंच. भारतीय वंशाच्या दर दहा कुटुंबांपैकी सातेक स्वतःच्या घरात राहतात, हे प्रमाण गोऱ्यांपेक्षाही थोडं वरचढ आहे. पाकिस्तानी कुटुंबं या बाबतीत बरीच मागे आहेत. त्यांच्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं तिथल्या व्याख्येनुसार गरीब घरांत वाढतात. ही व्याख्या म्हणजे मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली असणं, उपाशी झोपणं नव्हे. "तिथली गरिबी म्हणजे काय गरिबी" असं म्हणणारे लोक कट्ट्यावर बरेच आहेत. त्यांनी जानेवारीत हीटर बंद ठेवलेल्या घरात एक रात्र काढून बघावी.

दोघांची संख्या किती आहे?

२०२१ च्या जनगणनेप्रमाणे इंग्लंड आणि वेल्स मिळून भारतीय वंशाचे सुमारे १८ लाख ६४ हजार आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे १५ लाख ८८ हजार. लेस्टरमध्ये दर तीन माणसांत एक भारतीय वंशाचा, ब्रॅडफर्डमध्ये दर चारांत एक पाकिस्तानी वंशाचा. पुढे ही दोन शहरं वारंवार येणार आहेत.

दोघेही एकाच उपखंडातून गेले. मग सुरुवात सारखीच नव्हती का?

नव्हती, आणि व्हॉट्सॲपचा तो संदेश इथेच घसरतो.

ब्रिटनमधले पाकिस्तानी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लाहोर-कराची येतं. प्रत्यक्षात त्यांच्यातला फार मोठा हिस्सा मीरपूर या एका डोंगराळ जिल्ह्यातून गेलेला आहे. हा भाग पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये येतो. कोरडवाहू जमीन, छोटे तुकडे, शाळा नावाला. इंग्रजांच्या काळापासून तिथले तरुण मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या आगबोटींवर भट्टीत कोळसा ओढायला जात. त्यांना आगवाले म्हणत. काही जण इंग्लंडच्या बंदरांत उतरले आणि तिथेच राहिले. वाट अशी पडली.

मग १९६० चा सिंधू पाणीवाटप करार झाला आणि त्यातून मीरपूरजवळ झेलमवर मंगला धरण उभं राहिलं. १९६७ मध्ये ते पूर्ण झालं. जुनं मीरपूर शहर आणि शेकडो गावं पाण्याखाली गेली, लाखभर माणसं उठली. आधी पडलेली वाट होतीच. ज्यांच्या हाती नुकसानभरपाईचे चार पैसे आले, त्यांतल्या अनेकांनी ते विमानाच्या तिकिटात घातले.

म्हणजे हे लोक कोण, तर धरणग्रस्त. पुण्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीच्या मावळ्यांसाठी सत्याग्रह केला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. मुळशी, पवना, कोयना, उजनी या धरणांनी उठवलेल्या कुटुंबांची नातवंडं आज कुठे आहेत, हे जरा आठवून पाहा आणि मग मीरपूरच्या नातवंडाला बंगला का नाही ते विचारा.

मुलीकडे राहायला गेले असताना मी एक दिवस रेल्वेने ब्रॅडफर्डला गेले होते. स्टेशनवरून ज्या टॅक्सीत बसले, तिचा चालक मीरपूरचाच निघाला, साठीच्या आतबाहेरचा. मी पुण्याची आहे म्हटल्यावर त्याने "पूना? रेसकोर्सवालं?" असं विचारलं. बोलता बोलता म्हणाला, "मंगलाचं पाणी उतरलं की आमचं जुनं गाव वर येतं. देऊळ दिसतं, गुरुद्वारा दिसतो, पीरबाबाची कबर दिसते. लोक जाऊन दिवा लावून येतात." मी त्याला उजनीच्या पाण्यातून वर येणाऱ्या पळसनाथाच्या देवळाबद्दल सांगितलं. पुढचा सिग्नल हिरवा होऊन मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत तो काही बोलला नाही.

आणि भारतीय कुठून गेले?

ते एका ठिकाणचे नाहीतच, ही पहिली गोष्ट. पंजाबच्या जालंधर दोआबातले शीख शेतकरी गेले, गुजराती गेले, १९६० च्या दशकापासून सरकारी आरोग्यसेवेत आपले डॉक्टर गेले. अलीकडे हिंजवडीहून जातात तसे संगणकवाले गेले. शिवाय एक मोठा गट भारतातून गेलाच नाही, तो आफ्रिकेतून गेला.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाच्या इदी अमीनने जाहीर केलं की आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडायचा. त्यांतले सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये आले. दुकान, घर, गाडी सगळं तिथेच राहिलं, खिशात नावापुरते पैसे. पण डोक्यात काय होतं ते बघा: इंग्रजी, खतावणी, मालाची आवक-जावक, बँकेशी बोलायची सवय, आणि लंडन-नैरोबी-राजकोट अशी पसरलेली भाऊबंदकी, तीसुद्धा भांडणारी नव्हे, उधारी देणारी. कस्टमवाल्याला हे जप्त करता येत नाही.

लेस्टरच्या महापालिकेने तर त्या सप्टेंबरात युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही, शाळा भरल्या आहेत. लोक आलेच. कित्येकांना तर जाहिरात वाचूनच लेस्टर नावाचं शहर आहे हे कळलं, असं तिथे हसत सांगतात. आज बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई तीच महापालिका मिरवते.

तेव्हा ज्याला आपण "भारतीयांचं यश" म्हणतो, त्यातला बराच भाग दुसऱ्यांदा स्थलांतर केलेल्या शहरी व्यापाऱ्यांचा आहे. ही मंडळी गरीब झाली होती, पण गरीब वर्गातली नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तरी लगेच दुकानं थाटून बसले असं नाही. पहिली दहा वर्षं बहुतेकांनी कारखान्यातच काढली. जयाबेन देसाईंचं नाव ऐकलं असेल. मूळ गुजरातच्या, टांझानियातून आलेल्या. १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यात त्यांनी संप पुकारला आणि साडी नेसलेल्या बायका जवळजवळ दोन वर्षं दारावर उभ्या राहिल्या. संप फसला.

ब्रॅडफर्डच्या पाकिस्तान्यांना कामधंदा नव्हता का?

होता, आणि भरपूर होता. तोच घात झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर यॉर्कशरच्या, म्हणजे ब्रॅडफर्ड ज्या परगण्यात आहे तिथल्या, लोकर गिरण्यांनी नवी यंत्रं आणली. ती चोवीस तास चालवली तरच परवडणार होती. गोरे कामगार रात्रपाळीला तयार नव्हते. मग रात्रपाळी मीरपूरच्या माणसांनी धरली. एकेका घरात पंधरा-वीस पुरुष. दिवसपाळीवाला उठला की त्याच खाटेवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा, गादी गार व्हायला वेळच नाही. आपल्या लालबाग-परळचे गाळे आणि खाणावळी ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे चित्र वेगळं वाटणार नाही. इंग्रजी बोलायची गरज पडली नाही, कारण शेजारच्या मागावर गाववालाच होता.

पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत गिरण्या बंद पडत गेल्या. इकडे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले बरेचसे परत कामावर असे गेलेच नाहीत. तिकडे संप झाला नाही, पण शेवट तोच. हातात दुसरा हुन्नर नाही, वय पन्नाशीकडे, भाषा अपुरी. मग टॅक्सी, खाण्याचं दुकान, बाजारातला गाळा. टॅक्सी ही त्यांच्या स्वभावातली गोष्ट नव्हे. गिरणीचं दार बंद झाल्यावर जे उघडं राहिलं ते हे.

ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम भागात लिस्टर नावाच्या मालकाच्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे, २४९ फूट. गिरणी १९९२ मध्ये बंद झाली, आता तिथे फ्लॅट आहेत. फिनिक्स मिलचा मॉल झालेला पाहिलेल्या माणसाने आश्चर्य वाटून घेऊ नये.

लेस्टर आणि लंडनचं नशीब वेगळं होतं. तिथे होजिअरी गेली तर दुसरं काहीतरी आलं. ब्रॅडफर्ड-ओल्डहॅमला दुसरं काही आलं नाही. कोण कुठून आला याइतकंच, कुठल्या गावात उतरला यालाही वजन आहे.

सरकारने त्यांना थांबवलं का नाही?

थांबवायला गेलं आणि उलटंच झालं. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या कुणालाही ब्रिटनमध्ये येता येत होतं. पुरुष यायचे, चार वर्षं कमवायचे, गावी जायचे, त्यांच्या जागी भाऊ यायचा. मग १९६२ मध्ये परवाना पद्धत आणली. आता बाहेर पडलो तर परत येता येईल की नाही याची खात्री राहिली नाही. दार बंद व्हायच्या आत लोक धावत आले, आणि जे आत होते त्यांनी गावी जायचं सोडून बायकामुलांना बोलावून घेतलं. पाहुणे कायमचे रहिवासी झाले ते या कायद्यामुळे.

स्पष्टच विचारतो. धर्माचा संबंध आहे का?

प्रश्न विचारणाऱ्याला "हो" ऐकायचं असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सावकाश.

२०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या भारतीय वंशाच्या लोकांत साधारण ४४ टक्के हिंदू, २२ टक्के शीख आणि १४ टक्के मुस्लीम होते. म्हणजे "भारतीय" या रकान्यात सुमारे दोन लाख मुसलमान धरलेले आहेत. त्या वरच्या कमाईच्या आकड्यात तेही मोजलेले आहेत.

दुसरं, अमेरिकेतले पाकिस्तानी बघा. तिथे १९६५ नंतर कायद्याने शिकलेल्यांना दार उघडलं, त्यामुळे कराची-लाहोरचे डॉक्टर आणि इंजिनिअर गेले. त्यांच्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न अमेरिकेच्या राष्ट्रीय आकड्याच्या वर आहे. देश तोच, धर्म तोच, फक्त विमानात बसलेली माणसं वेगळ्या पायरीवरची.

एवढं सांगून मी गप्प बसले असते तर माझी बाजू भक्कम दिसली असती. पण एक उदाहरण मला टोचतं. दोआबातले शीखही शेतकरीच होते, तेही कमी शिकलेले होते, तेही मिडलंड्सच्या ओतकाम कारखान्यांत आणि लंडनच्या विमानतळाजवळच्या साउथहॉलच्या रबर कारखान्यात राबले. तरी त्यांची पुढची पिढी मीरपुऱ्यांपेक्षा लवकर वर आली. का? थोडं श्रेय लंडनजवळ असण्याला, विमानतळाच्या नोकऱ्यांना. थोडं पंजाबच्या शेतीला, ती मीरपूरच्या खडकापेक्षा केव्हाही बरी. आणि बराच भाग पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

पाकिस्तानी घरांतल्या बायका काम करत नाहीत, हे खरं का?

बाहेर पगारी काम करणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे, हे खरं. भारतीय वंशाच्या दर दहा स्त्रियांपैकी सातेक नोकरी-धंद्यात आहेत, पाकिस्तानी वंशाच्या निम्म्याच्या आसपास. ज्या शहरात घराचा हप्ता दोन पगारांशिवाय भरत नाही, तिथे एकट्याच्या पगारावर चाललेलं घर मागे पडणारच. पगाराच्या फरकापेक्षा मला हा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. शीख आणि गुजराती बायका पहिल्या दहा वर्षांतच शिवणकामाला, पॅकिंगला, विमानतळावर कामाला लागल्या. मीरपुरी बायका बऱ्याच उशिरा, १९७० च्या दशकात आल्या आणि घरातच राहिल्या.

त्यात बिरादरी. बिरादरी म्हणजे आपली भावकीच, फक्त तिचा हात विलायतेपर्यंत लांब. मुलीचं लग्न गावातल्या चुलत किंवा मावस भावाशी लावायचं, तो लग्नाच्या व्हिसावर येणार. (नाक मुरडू नका. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानणारी घरं काही कमी नाहीत.) याचा हिशोबी परिणाम असा, की दर पिढीत घरातला एक जण नव्याने आलेला असतो, त्याची भाषा नव्याने सुरू होते, नोकरी तळापासून सुरू होते. आकडेवारीत तिसरी पिढी दिसते, पण घरात अर्धी पहिलीच असते. आता हे प्रमाण उतरत चाललं आहे.

हा दोष बाहेरच्या कुणावर ढकलता येत नाही, आणि मी ढकलणारही नाही.

मुलांच्या शिक्षणाचं काय?

इथे चित्र झपाट्याने बदलतंय. शालान्त परीक्षेत भारतीय वंशाची मुलं गोऱ्या मुलांच्या खूप पुढे आहेत, ते जुनंच. पण पाकिस्तानी वंशाची मुलंही आता गोऱ्या मुलांच्या बरोबरीला आली आहेत, आणि विद्यापीठात जाण्याचं त्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. मुली तर मुलांना मागे टाकतात. माझ्या टॅक्सीवाल्याची धाकटी औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. आरशाला तिचा शाळेतला फोटो लटकवलेला, जपमाळेच्या शेजारी.

बांगलादेशी मुलांचं उदाहरण तर मी वर्गात सांगितलं असतं. सिल्हेटहून आलेली ही कुटुंबं पाकिस्तान्यांहूनही गरीब. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये त्यांची दाट वस्ती आहे. १९९७ मध्ये शाळांच्या निकालात हा भाग इंग्लंडमध्ये शेवटून पहिला होता. पैसा ओतला, चांगले मुख्याध्यापक आणले, आईबापांना शाळेत बोलावलं. दीड दशकात तो राष्ट्रीय सरासरीच्या वर गेला. तीच माणसं, तोच धर्म, तीच गरिबी.

मग शिकून पगार का वाढत नाही?

वाढतोय, पण शिक्षणाच्या मानाने हळू. एक कारण नाव. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकसारखेच अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्या ब्रिटिश नावाला जेवढी बोलावणी आली, तेवढी मिळवायला अल्पसंख्याक नावाच्या माणसाला सरासरी ६० टक्के जास्त अर्ज करावे लागले. यातून भारतीयही सुटत नाहीत. पुण्यात भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

राजकारणात तरी आपणच पुढे, नाही का?

सुनक पंतप्रधान झाले हे खरं. पण लंडनचे महापौर सादिक खान २०१६ पासून खुर्चीवर आहेत, ते बसचालकाचे चिरंजीव. साजिद जाविद अर्थमंत्री झाले, तेही बसचालकाचे चिरंजीव. हमजा युसूफ २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर झाले. तिघेही पाकिस्तानी वंशाचे.

आणि पेढे वाटणाऱ्यांसाठी एक गंमत. सुनक यांचे आजोबा गुजरांवाला इथले. तिथून ते १९३५ मध्ये नैरोबीला गेले. गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे. रकाना कुठला भरायचा ते तुम्हीच ठरवा.

पुण्यातल्या पुण्यात अशी तुलना करता येते का?

करता येते, आणि मला वाटतं ती आधी करावी.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या कॅम्पात आले. बराकी, रांगेचं पाणी, हातगाडी. १९७२ च्या दुष्काळात बीड, उस्मानाबाद, सोलापूरकडची माणसं पुण्यात आली आणि पर्वतीच्या उतारावर, नदीकाठी पत्रे ठोकून राहिली. इदी अमीननेही त्याच वर्षी लोकांना हाकललं, हा योगायोग. दोन्ही गट रिकाम्या हाताने आले असं आपण म्हणतो. पण सिंध्याच्या डोक्यात व्यापार होता आणि त्याच्यामागे निर्वासितांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं होतं. दुष्काळग्रस्ताच्या हातात खडी फोडायची सवय होती आणि त्याच्यामागे मुकादम होता. आज पिंपरीच्या बाजारपेठेत कुणाची दुकानं आहेत आणि त्या दुकानांत माल उतरवायला कोण आहे, हे बघायला लंडनचं तिकीट लागत नाही.

यावर कट्ट्यावरचे एक काका म्हणाले, "पण आपली माणसं कष्टाळू आहेत हो." मी म्हटलं, मीरपूरवालेही तेच म्हणतात.

माझा मुलगा सप्टेंबरात ब्रॅडफर्डला शिकायला चालला आहे. पाकिस्तानी वस्तीत खोली घेतली तर चालेल का?

चालेल की. विद्यापीठापासून चालत जाता येतं आणि भाडं कमी. घरमालक पहिल्या दिवशी चहा पाजेल आणि दुसऱ्या दिवशी डिपॉझिट मागेल, ते पावती घेऊनच द्या. भाजीवाल्याकडे मेथी, भेंडी, हिरवी मिरची, कढीपत्ता सगळं मिळतं. आमच्या मुलीकडे लेस्टरला मिळतं तसंच. भाव करायला हिंदी पुरते, उलट मुलाची हिंदीच सुधारेल. शाकाहारी असेल तर दुकानात आधी सांगावं, म्हणजे ते समोशाचा चिमटा वेगळा घेतात. प्रेशर कुकर इथून नेऊ नका, तिथे सगळ्या मापांचे मिळतात. गोडा मसाला मात्र न्या, आणि जमल्यास दोन पाकिटं जास्त. मालकीणबाई वास घेत वर येणार आहेत.